दुबईचा टोनर आणि वकिलाची नोटीस

प्रश्न : नमस्कार. नाशिकमध्ये माझं प्रिंटर, टोनर आणि झेरॉक्स मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे झेरॉक्सवाले, सीए लोकांची ऑफिसं, दोन-तीन शाळा. गेल्या वर्षापासून एका परदेशी कंपनीचे ओरिजनल टोनर मी मुंबईच्या एका आयातदाराकडून घेतो. माल दुबईहून न्हावा शेवाला उतरतो, त्यावर ड्यूटी भरलेली असते, मला जीएसटीचं पक्कं बिल मिळतं. कंपनीच्या इथल्या डीलरपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. परवा कंपनीच्या वकिलांची दिल्लीहून नोटीस आली. तुम्ही आमच्या ट्रेडमार्कचं उल्लंघन करता, माल बेकायदा आहे, सात दिवसांत विक्री थांबवा, उरलेला स्टॉक आमच्या ताब्यात द्या, नुकसानभरपाई द्या आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू, असा मजकूर आहे. वडील म्हणतात, सही करून मोकळा हो, कोर्टाची पायरी नको. धाकटा भाऊ म्हणतो, बॉक्सवरचे नंबर खोडू आणि माल गुपचूप काढून टाकू. मला दोन्ही पटत नाही. माल डुप्लिकेट असता तर गोष्ट वेगळी. अस्सल माल, सरकारला ड्यूटी भरून आणलेला, तो विकणं गुन्हा कसा? जग एक बाजारपेठ झालं म्हणतात, मग ही भिंत कोणी घातली? आणि शेवटचं : आयातदार आता इंजिनिअरिंगची परदेशी पुस्तकंही आणू म्हणतोय. त्यात पडू का?
– एक दुकानदार, नाशिक

उत्तर : नमस्कार.

सगळ्यात आधी धाकट्या भावाला आवरा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण बॉक्सवरचा एकही नंबर खोडला जाऊ देऊ नका. तुमची बाजू आज बऱ्यापैकी भक्कम आहे. ती ज्या पोटकलमावर उभी आहे, त्याच्या लगेच पुढचं पोटकलम मालात फेरफार करणाऱ्याचं संरक्षण काढून घेतं. शिवाय तो नंबर तुमचा साक्षीदार आहे. कंपनीने तो टोनर स्वतः बनवला आणि स्वतःच्या मर्जीने आखातातल्या बाजारात विकला, हे दाखवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही तुमच्याकडे नाही. नंबर खरवडलेला अस्सल टोनर आणि कुठल्याशा गाळ्यात भरलेला डुप्लिकेट टोनर, पंचनामा करणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. अस्सल माल विकणं गुन्हा कसा? बहुतेक करून नाहीच. आपल्याकडच्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ३०, पोटकलम ३ आहे. त्याचा मथितार्थ असा : नोंदणीकृत ट्रेडमार्क असलेला माल एखाद्याने रीतसर मिळवला असेल, आणि तो माल मुळात मालकाने स्वतः किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेला असेल, तर तो पुढे विकला एवढ्याच कारणाने उल्लंघन होत नाही. कंपनीने त्या एका नगाचे पैसे एकदा घेतले, त्या नगावरचा तिचा हक्क तिथे संपला. घर विकून टाकल्यावर उंबरठ्याशी बसून कोण आलं-गेलं ते विचारता येत नाही, त्यातलाच प्रकार. लगेच पुढे पोटकलम ४ आहे. मालकाकडे हरकत घ्यायला सबळ कारण असेल, विशेषतः बाजारात आल्यानंतर मालाची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. मी भावाबद्दल इतक्या घाईने लिहिलं ते यासाठी.

सगळं भांडण उभं राहिलं ते एका गोष्टीवरून. माल 'बाजारात आणलेला' हवा, पण कुठल्या बाजारात? भारतातल्याच, की जगातल्या कुठल्याही? कायद्याने ते सांगितलेलं नाही. आणि योगायोग पाहा, याचा निवाडा ज्या खटल्यात झाला तो खटला प्रिंटरचाच होता. सॅमसंगचे परदेशात घेतलेले अस्सल प्रिंटर दिल्लीतले काही व्यापारी आणून स्वस्तात विकत होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये एकल न्यायाधीशांनी निकाल दिला कंपनीच्या बाजूने : बाजार म्हणजे भारतातला बाजार, सबब आयात बंद. व्यापाऱ्यांनी अपील केलं. ३ ऑक्टोबर २०१२ ला खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि सांगितलं की कायद्याला अभिप्रेत असलेला बाजार जगाचा बाजार आहे. जिथे माल घेतला तिथल्या कायद्याप्रमाणे तो रीतसर घेतलेला असला की पुरे. कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग या नावाने वकील लोक हा निकाल ओळखतात. तुमच्या वकिलाला नुसतं नाव सांगितलंत तरी तो मान हलवेल.

त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय उत्पादन व सीमाशुल्क मंडळाने १३/२०१२ क्रमांकाचं परिपत्रक काढलं होतं. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही हाच प्रश्न पडत होता, की कंपनीने नोंद करून ठेवलेल्या चिन्हाचा अस्सल माल दुसऱ्याच कोणी आणला तर तो अडवायचा की सोडायचा? परिपत्रकाने कलम ३०चा दाखला दिला आणि मालात फेरफार नसेल तर ट्रेडमार्कच्या कारणावरून अशा समांतर आयातीला मनाई नाही, अशी दिशा दिली. तुमचा माल न्हावा शेवाला विनासायास सुटला त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

एवढं वाचून लगेच पेढे वाटू नका. खंडपीठाचा निकाल दिल्लीचा आहे. मुंबई उच्च न्यायालय त्याला वजन देईल, पण ते त्याला बांधलेलं नाही. सॅमसंगने प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही नेलं, तेव्हा आज काय स्थिती आहे ते वकिलाकडून तपासून घ्याच. आणि खंडपीठाने व्यापाऱ्यांना मोकळं सोडलं तेही काही अटी घालूनच. माझ्या मते त्या निकालातला सगळ्यात शहाणा भाग या अटींचाच आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

न्यायालय म्हणालं, तुम्ही विका, पण दुकानात ठळकपणे लिहून ठेवा की हा माल आयात केलेला आहे, कंपनी या मालाला वॉरंटी देत नाही, विक्रीनंतरची सेवाही देत नाही, आणि वॉरंटी व सेवा जी काही आहे ती आम्ही दुकानदार स्वतः देतो. व्यापाऱ्यांची वेबसाइट कंपनीच्या वेबसाइटशी आतून जोडण्याची चलाखी मात्र न्यायालयाने चालू दिली नाही. म्हणजे माल विकण्याचा हक्क तुमचा, पण आपण कंपनीचेच माणूस आहोत असं भासवण्याचा हक्क नाही. हक्क आणि व्यापार यांचा तोल राखायचा म्हणून इतकी पुस्तकं लिहिली जातात, आणि शेवटी तो सापडला कशात, तर दुकानातल्या पाटीत.

तर पाटी लावा. आजच. मराठीत आणि इंग्रजीत. काउंटरच्या मागे कॅलेंडरखाली नको, गिऱ्हाईक पैसे देताना वाचेल अशा जागी हवी. तेच वाक्य बिलावर छापून घ्या. शाळेला किंवा सीएंच्या ऑफिसला कोटेशन देता त्यातही घाला. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मला कळते. 'कंपनीची वॉरंटी नाही' हे वाचून एखादी शाळा डीलरकडे जाईलही. पण झेरॉक्सवाल्याला टोनर किती पानं काढतो आणि खराब निघाला तर कोण बदलून देतो, एवढंच बघायचं असतं. बदलून तुम्ही देणार असाल तर तसं बिलावर लिहून द्या, आणि दिलेला शब्द पाळा. दुकानाच्या फलकावर कंपनीचा लोगो असेल तर तो उतरवा. 'अमुक कंपनीचे टोनर मिळतील' असं साध्या अक्षरांत लिहिणं वेगळं, आणि तिचा लोगो, तिचे रंग वापरून अधिकृत डीलरचा आव आणणं वेगळं.

दुसरं, तुमच्या बॉक्सवर आयातदाराचं नाव, पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क यांचा स्टिकर आहे का बघा. तो लागतो वैधमापनाच्या, म्हणजे पॅकबंद मालाच्या नियमांसाठी. त्याचा ट्रेडमार्कशी काही संबंध नाही, पण कंपनीचे लोक कोर्टात जाण्याआधी नेमकं असलं काहीतरी शोधून तक्रार करतात. स्टिकर लावताना कंपनीचा बॅच नंबर किंवा मुदतीची तारीख झाकली जाता कामा नये.

आणि तिसरं, जे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही पण मी विचारणारच : दुकानात रिफिलिंग होतं का? आपल्याकडे टोनरच्या दुकानात मागे एक टेबल असतंच, त्यावर पावडरची बाटली आणि स्क्रू ड्रायव्हर. रिफिल करून देण्यात वावगं काही नाही. पण रिफिल केलेलं कार्ट्रिज कंपनीच्या जुन्या बॉक्समध्ये घालून ठेवलं की गाडी थेट फौजदारीच्या रुळावर जाते. अस्सल नसलेला माल कंपनीच्या चिन्हाच्या वेष्टनात भरणं म्हणजे खोटा ट्रेडमार्क लावणं, असं कलम १०२ सांगतं. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. रिकामे बॉक्स आजच फाडून रद्दीत घाला, आणि रिफिलचा माल वेगळ्या कपाटात, तुमच्या स्वतःच्या लेबलखाली ठेवा. तपासणीला आलेल्या माणसाला एका बॉक्समध्ये रिफिल सापडलं तर बाकीच्या शंभर अस्सल बॉक्सबद्दल तुमचं कोणी ऐकणार नाही.

फौजदारीच्या धमकीबद्दल घरी वडिलांना एवढं सांगा. ही कलमं खोट्या चिन्हाच्या मालासाठी आहेत, अस्सल मालासाठी नाहीत. खोट्या मालाच्या बाबतीतही ज्याने योग्य ती काळजी घेतली होती, ज्याला संशय यायला काही कारण नव्हतं आणि ज्याने विचारल्यावर माल कुठून घेतला ते सांगितलं, त्याला कायद्यात बचाव आहे. शिवाय ट्रेडमार्कच्या गुन्ह्यात झडती-जप्ती करायची तर अधिकारी किमान डीवायएसपी दर्जाचा लागतो, आणि त्याने आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घेतलं पाहिजे, त्या मताप्रमाणेच वागलं पाहिजे, असं कलम ११५ म्हणतं. कोणी हवालदाराला घेऊन दुकानात आलं तर न भांडता, न घाबरता हे रजिस्ट्रारचं मत मागा.

आता भिंत कोणी घातली ते बघू. खरं सांगायचं तर ती प्रत्येक देशाने आपल्या सोयीच्या उंचीची घातली आहे. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेचा करार, म्हणजे ट्रिप्स, याच मुद्द्यावर मुद्दाम गप्प बसला. त्याचं कलम ६ म्हणतं की पहिल्या विक्रीनंतर हक्क संपतो की नाही, हा प्रश्न या कराराखाली वादात आणता येणार नाही. वाटाघाटीत एकमत होईना, तेव्हा ज्याचं त्याने ठरवावं असं करून सोडून दिलं. २००१ मध्ये दोह्याच्या जाहीरनाम्याने ते पुन्हा स्पष्ट केलं, औषधांच्या संदर्भात.

युरोपची तऱ्हा बघा. आतल्या आत माल फिरायला त्यांनी सगळी दारं उघडली. जर्मन कंपनीने इटलीत विकलेली वस्तू कोणी फ्रान्सला नेली तर ट्रेडमार्क दाखवून अडवता येत नाही. ऑस्ट्रियाच्या सिल्हुएट या चष्म्याच्या कंपनीने फॅशन उलटून गेलेल्या २१ हजार फ्रेम बल्गेरियात विकायला दिल्या. बल्गेरिया तेव्हा युरोपीय संघाबाहेर होता. त्या फ्रेम फिरून ऑस्ट्रियातल्याच एका स्वस्त दुकानसाखळीत आल्या. अस्सल माल, कंपनीनेच विकलेला. तरीही १९९८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने कंपनीला तो अडवण्याची मुभा दिली, कारण पहिली विक्री त्यांच्या सामाईक बाजाराच्या बाहेर झाली होती. वर हेही सांगितलं की सदस्य देशांना वेगळा नियम करता येणार नाही. आत मोकळं मैदान आणि बाहेर तटबंदी. मुक्त व्यापाराची प्रवचनं देणाऱ्यांकडची ही गंमत मला नेहमीच मजेशीर वाटत आली आहे.

अमेरिकेत गोष्ट पुन्हा टोनरवरच येऊन थांबते. लेक्समार्क कंपनी सवलतीच्या किमतीत कार्ट्रिज विकायची, अट अशी की रिकामं कार्ट्रिज रिफिल करायचं नाही, कंपनीलाच परत द्यायचं. वेस्ट व्हर्जिनियातली इंप्रेशन प्रॉडक्ट्स नावाची एक छोटी कंपनी अशी वापरलेली कार्ट्रिज घेऊन, भरून विकायची. त्यातली काही परदेशात विकलेलीही होती. लेक्समार्कने पेटंटचा बडगा उगारला. ३० मे २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, माल एकदा विकलात की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला, मग विक्री देशात झालेली असो की परदेशात. गिऱ्हाइकाने करार मोडला असेल तर त्याच्यावर कराराचा दावा लावा, पण पेटंटचा हक्क मालाच्या मागे फरफटत नेता येणार नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचं उदाहरण दिलं : गाडीतला एकेक भाग बनवणाऱ्याने विक्रीनंतरही हक्क सांगायचा म्हटलं तर गॅरेजवाल्याने धंदा करायचा कसा?

पेटंटच्या बाबतीत आपल्याकडेही परदेशातून असा माल आणायला वाट देणारं कलम १०७अ आहे आणि २००५च्या दुरुस्तीने ते आणखी सैल झालं. कस्टम्सच्या धक्क्यावर पेटंटचा न्याय करायला बसलं की काय होतं, हेही आपण बघून घेतलंय. मदुराईच्या एका पेटंटधारकाने दोन सिमच्या फोनचं आपलं पेटंट कस्टम्सकडे नोंदवलं आणि आयात होणाऱ्या दोन सिमच्या फोनची खेप धक्क्यावर अडकू लागली. पुढे २०१२ मध्ये ते पेटंटच रद्द झालं, आणि २०१८ मध्ये सरकारने कस्टम्सच्या त्या नियमांतून पेटंट हा विषयच काढून टाकला. चिन्ह खरं की खोटं हे अधिकारी एक वेळ बॉक्स बघून सांगेल, पण पेटंटचं उल्लंघन कंटेनर उघडून दिसत नाही.

अडवाअडवीचा फटका आपल्यालाही बसलेला आहे. २००८च्या डिसेंबरात डॉ. रेड्डीजचं रक्तदाबाचं औषध, लोसार्टन, भारतातून ब्राझीलला चाललं होतं. भारतात त्यावर पेटंट नाही, ब्राझीलमध्ये नाही. वाटेत नेदरलँड्समधून जायचं होतं, एवढाच त्या देशाशी संबंध. तिथल्या कस्टम्सने तिथलं पेटंट दाखवून खेप अडवली आणि माल शेवटी भारतात परत आला. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील दोघांनीही जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. तेव्हा माल मोकळा फिरावा म्हणून भांडणारे आपणच होतो, हे इथल्या कंपन्यांच्या वकिलांनाही अधूनमधून आठवावं.

पण तुम्ही विचारलंत म्हणून दुसरी बाजूही सांगतो, कारण ती नुसती लबाडी नाही. कंपनीच्या इथल्या डिस्ट्रिब्युटरने गोदाम घेतलेलं असतं, सर्व्हिस इंजिनिअर पगारावर ठेवलेले असतात, जाहिरातीला पैसे घातलेले असतात. ते नाव झाल्यावर दुबईचा माल त्याच्याशेजारी स्वस्तात विकला गेला तर त्याचा जळफळाट होणारच. आणि माल दिसायला सारखा असला तरी दरवेळी तो सारखाच असतो असंही नाही. काही कंपन्या कार्ट्रिजच्या चिपमध्ये प्रदेशाची खूण घालतात. आखातासाठी बनवलेलं कार्ट्रिज इथल्या प्रिंटरमध्ये घातलं की 'हे कार्ट्रिज चालणार नाही' असा संदेश येतो. मग झेरॉक्सवाला शिव्या कंपनीला घालतो, तुम्हाला नाही. वॉरंटी, पॅकिंग, गुणवत्तेची तपासणी, माहितीपत्रकाची भाषा, असा मालातला ठोस फरकही हरकतीचं सबळ कारण होऊ शकतो, हे त्याच २०१२च्या निकालात मान्य केलेलं आहे. म्हणून नव्या खेपेतला एक बॉक्स फोडून, इथल्या मशीनवर चालवून बघितल्याशिवाय बाकीचे विकू नका. नाही चालला तर खेप आयातदाराला परत. तेवढी अट त्याच्याकडून लेखी घ्या.

नोटिशीचं काय करायचं ते आता बघू. हमीपत्रावर सही करू नका. वडिलांची भीती खरी आहे, त्यांनी पाहिलेल्या कोर्टकचेऱ्या त्यांना आठवत असतील. पण असली हमीपत्रं मी बरीच वाचली आहेत. त्यात 'मी उल्लंघन केलं' अशी कबुली असते, 'यापुढे कधीही, कुठल्याही प्रकारे या कंपनीचा माल विकणार नाही' असं वाक्य असतं आणि मोडल्यास ठरावीक रक्कम द्यायचं कलम असतं. उद्या इथल्या अधिकृत डीलरकडून माल घेऊन विकायचा म्हटलात तरी ते वाक्य आडवं येईल. सुटका करून घ्यायच्या नादात गळ्यात दोर बांधून घेऊ नका.

उत्तर मात्र द्या, आणि मुदतीत द्या. नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणजे कबुली दिली असं नसतं, पण कोर्टात 'यांनी उत्तरही दिलं नाही' हे वाक्य वाईट दिसतं. त्याआधी आयातदाराकडून कागद गोळा करा : बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्समधला कागद), ड्यूटी भरल्याची पावती, दुबईच्या विक्रेत्याचं इन्व्हॉइस, आणि शक्य असेल तर तो विक्रेता कंपनीचा तिथला डिस्ट्रिब्युटर असल्याचा किंवा त्याने तिथून माल घेतल्याचा पुरावा. आयातदार आपला दर आणि आपला माणूस लपवायला बघेल. रकमा झाकून द्या म्हणावं, पण साखळी दाखवा. तो कागद द्यायलाच तयार नसेल तर माझा सल्ला बदलतो. मग विक्री थांबवा, कारण 'रीतसर मिळवलेला' हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर आहे, आणि अस्सल मालाच्या खेपेत डुप्लिकेट मिसळून देणारे महाभागही या धंद्यात आहेत.

उत्तरात भावना नकोत. माल अस्सल आहे, अमुक बिलाने घेतला, कलम ३०(३) लागू आहे, मालात फेरफार नाही, दुकानात तशी पाटी आहे, आणि तुमच्या मते कुठला नग खोटा असेल तर त्याचा नंबर कळवा, आम्ही तो बाजूला काढू. शेवटच्या वाक्यावर गप्प बसणारी कंपनी बरंच काही सांगून जाते. वकिलाला कलम १४२बद्दलही विचारा. ट्रेडमार्कच्या नावाखाली बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध तुम्हालाच दावा करता येतो, अशी ती तरतूद आहे. कंपनीने स्वतः तत्परतेने दावा लावला तर मात्र ती उपयोगाची नाही. दावा लावायचा आग्रह मी धरणार नाही, पण उत्तरात एक ओळ टाकली तर समोरचा वकील पुढचं पत्र जरा जपून लिहितो.

एकतर्फी मनाईहुकूम हा या खटल्यांमधला खरा धोका आहे. कंपनी कोर्टात जाते, तुम्हाला पत्ताही नसतो, आणि एके दिवशी कोर्टाने नेमलेला माणूस, म्हणजे दिल्लीचा लोकल कमिशनर किंवा मुंबईचा कोर्ट रिसीव्हर, दुकानात येऊन माल सील करतो. कलम १३४मुळे कंपनीला स्वतःचा धंदा जिथे आहे तिथल्या कोर्टातही जाता येतं, म्हणून दावा नाशिकलाच होईल असं धरून चालू नका. वकिलाला सांगून जिथे दावा होण्याची शक्यता आहे तिथे कॅव्हिएट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करा. ती ९० दिवस चालते, मग पुन्हा करावी लागते. खर्च फारसा नसतो आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम निघण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

पुस्तकांबद्दल मात्र माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. ट्रेडमार्कचा नियम पुस्तकाला लावू नका, तिथे कॉपीराइट कायदा येतो आणि तो इथे बराच कडक आहे. खाजगी वापरासाठी एखादी प्रत आणणं चालतं. विक्रीसाठी पेट्या आणायच्या तर भारतातले हक्क ज्याच्याकडे आहेत तो अडवू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये परदेशातून आणलेल्या अस्सल डीव्हीडींच्या बाबतीत असाच निकाल दिला. कायदा सैल करायचा प्रयत्न झाला होता. २०१०च्या दुरुस्ती विधेयकात लेखकाच्या परवानगीने परदेशात छापलेली प्रत इथे आणायला मोकळीक देणारी एक ओळ होती. प्रकाशकांनी जोरदार विरोध केला आणि २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती ओळ गायब होती.

पुस्तकांच्या बाबतीत तर ती भिंत आपल्या पोरांच्या फायद्याचीही आहे, हे विसरून चालणार नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगचं जे परदेशी पुस्तक काही शे रुपयांत मिळतं, त्याच्या मागे लिहिलेलं असतं की फक्त भारत आणि शेजारच्या देशांत विक्रीसाठी. तेच पुस्तक अमेरिकेत कित्येक पट महाग असतं. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या थायलंडच्या एका विद्यार्थ्याने मायदेशातून अशा स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकल्या. जॉन वायली या प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून इथली स्वस्त आवृत्ती तिथे जाऊन विकली जाईल ही धास्ती प्रकाशकांना आहे. ती जितकी वाढेल तितकी इथली किंमत वर सरकेल. टोनरच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, पुस्तकांच्या बाबतीत तितका ठाम नाही, आणि कायदा तर अजिबात तुमच्या बाजूने नाही. पुस्तकं विकायचीच असतील तर इथल्या प्रकाशकाच्या वितरकाकडून घ्या. आयातदार गळी उतरवायला लागला तर त्याला हक्कदाराचं लेखी परवानगीपत्र मागा. आणि टोनरचे कागद त्याने दिल्याशिवाय त्याच्याशी नव्या मालाची बोलणीच करू नका.